विश्लेषण : न्यू यॉर्कचे गुगेनहाइम संग्रहालय सिनेमाला इतके का आवडते? चित्रांपेक्षा इमारतच मोठी ठरली का?

परग्रहवासीयाचा पाठलाग, मशीनगनचा गोळीबार, पोटावर घसरत जाणारे पेंग्विन... न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात हे सगळे घडले आहे, अर्थात पडद्यावर. आधुनिक कलेच्या या संग्रहालयात कधीही पाऊल न टाकलेल्या कोट्यवधी प्रेक्षकांना त्याची गोल, पांढरी इमारत ओळखीची वाटते. तिथले एखादे चित्र मात्र त्यांच्यातील फार थोड्यांना सांगता येईल. ही इमारत चित्रांना झाकोळून टाकेल, अशी भीती चित्रकारांनी 1956 मध्येच व्यक्त केली होती. सिनेमाने ती खरी ठरवली का?

गुगेनहाइम म्हणजे नेमके काय?

सॉलोमन गुगेनहाइम हे खाण उद्योगातील अमेरिकी धनाढ्य. हिला रिबे या चित्रकर्तीच्या सल्ल्याने 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी नव्या वळणाची चित्रे विकत घ्यायला सुरुवात केली. झाड, माणूस, फळांची टोपली असे काहीही न दाखवणारी, केवळ रंग आणि आकारांची ही चित्रे होती. वासिली कँडिन्स्की यांची चित्रे या संग्रहाचा कणा ठरली. 1939 मध्ये मोटारगाड्यांच्या एका जुन्या शोरूममध्ये हा संग्रह लोकांसाठी खुला झाला. नाव होते ‘म्युझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग’.

जागा अपुरी पडू लागली, तेव्हा रिबे यांनी 1943 मध्ये वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांना पत्र लिहिले. त्यांना नेहमीसारखी दालने नको होती, मंदिरासारखी वास्तू हवी होती. नकाशे, महापालिकेच्या परवानग्या, महायुद्ध आणि महागाई या सगळ्यांतून वाट काढत इमारत उभी राहायला 16 वर्षे लागली. 1949 मध्ये गुगेनहाइम गेले. एप्रिल 1959 मध्ये राइटही गेले. 21 ऑक्टोबर 1959 रोजी संग्रहालयाचे दरवाजे उघडले, तेव्हा ते पाहायला दोघेही नव्हते.

या इमारतीत वेगळे काय आहे?

फिफ्थ अव्हेन्यूवर, सेंट्रल पार्कच्या समोर ही इमारत आहे. आजूबाजूला सगळ्या चौकोनी इमारती आणि मधोमध खाली निमुळते, वर रुंद होत गेलेले गोल भांडे. कुणाला ती वॉशिंग मशीन वाटली, कुणाला पावासारखी. आतमध्ये मजले असे नाहीतच. भिंतीलगत गोल गोल फिरत वर चढणारा एकच उतार आहे. त्याची लांबी साधारण पाव मैल, म्हणजे 400 मीटर. मधला भाग तळापासून छतापर्यंत मोकळा आहे आणि वर काचेचा घुमट.

तळाशी उभे राहून वर पाहिले तर विहिरीच्या तळातून आकाश पाहावे तसे वाटते. उतारावरून खाली वाकून पाहिले तर मुंबईतल्या जुन्या चाळीची आठवण यावी. मध्ये चौक, भोवती गॅलऱ्या, आणि प्रत्येक गॅलरीतला माणूस समोरच्या गॅलरीतल्या माणसाला दिसतो. राइट यांची कल्पना अशी होती की प्रेक्षकाने लिफ्टने थेट वर जावे आणि चित्रे पाहत, न थकता, पाण्यासारखे उतरत यावे. एका दालनातून दुसऱ्या दालनात जाताना वाट चुकण्याचा प्रश्नच नको.

मग चित्रकारांनी विरोध का केला?

कारण साधे होते. चित्र चौकोनी असते, त्याला सरळ भिंत आणि सपाट जमीन लागते. राइट यांच्या इमारतीत भिंत वळलेली आणि मागे झुकलेली, पायाखालची जमीन उतरती. मागे सरकून चित्र लांबून पाहावे, तर जागा मोजकी आणि पाठीशी कठडा. डिसेंबर 1956 मध्ये विलेम डी कूनिंग, फ्रान्झ क्लाइन यांच्यासह 21 कलावंतांनी सह्या करून निषेधाचे पत्र दिले. अशा वळणदार उतारावर चित्रे लावणे म्हणजे चित्रांचा अनादर आहे, असे त्यांचे म्हणणे होते. राइट यांनी ते उडवून लावले.

तक्रार हवेतली नव्हती. संग्रहालयाचे तेव्हाचे संचालक जेम्स जॉन्सन स्वीनी यांना चित्रे झुकलेल्या भिंतीवर नीट टांगता येईनात. शेवटी भिंतीतून पुढे आलेल्या धातूच्या दांड्यांवर ती बसवावी लागली. चित्रे हवेत तरंगल्यासारखी दिसू लागली. म्हणजे इमारत उघडण्याआधीच तिचे आणि चित्रांचे भांडण सुरू झाले होते. लोकांनी मात्र पहिल्या दिवसापासून रांगा लावल्या. 1966 मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटावर राइट यांची छबी आली, तेव्हा त्यांच्या मागे हीच इमारत होती.

सिनेमांत ती कुठे कुठे दिसते?

सर्वांत प्रसिद्ध दृश्य 1997 च्या ‘मेन इन ब्लॅक’मधले. विल स्मिथने साकारलेला पोलीस एका पळणाऱ्या इसमाचा पायी पाठलाग करतो. तो इसम गुगेनहाइमच्या बाहेरच्या गोल भिंतीवरून सरसर वर चढतो. पोलीस आतून धावत गच्चीवर पोहोचतो आणि समोरच्याच्या डोळ्यांना दोन-दोन पापण्या असल्याचे त्याला दिसते. हा माणूस नव्हे, हे इथे कळते. न्यू यॉर्कमध्ये इतक्या उंच इमारती असताना दिग्दर्शकाने ही बुटकी इमारत निवडली, कारण ती स्वतःच दुसऱ्या ग्रहावरून आल्यासारखी दिसते.

‘मिस्टर पॉपर्स पेंग्विन्स’ (2011) मध्ये जिम कॅरीचे पाळीव पेंग्विन इथल्या एका शाही समारंभात घुसतात आणि उतारावरून पोटावर घसरत खाली येतात. गंमत अशी की, वरून खाली ओघळत यावे ही राइट यांची अपेक्षा पडद्यावर सर्वांत प्रामाणिकपणे या पेंग्विननीच पाळली. ‘व्हेन इन रोम’ (2010) या प्रेमकथेतील नायिका याच संग्रहालयात क्युरेटर आहे.

एका कलावंताने तर संग्रहालयालाच सिनेमाचा विषय केले. मॅथ्यू बार्नी यांच्या ‘क्रीमास्टर 3’ (2002) या कलाचित्रपटात नायक उताराच्या एकेका टप्प्यावरचे अडथळे पार करत वर चढतो, एखाद्या व्हिडीओ गेमसारखा. एका टप्प्यावर पंक रॉक बँड वाजत असतात, तर सर्वांत वर शिल्पकार रिचर्ड सेरा वितळलेले व्हॅसलिन फेकत असतात. 2003 मध्ये हे सगळे याच इमारतीत प्रदर्शन म्हणून मांडले गेले.

गोळीबारासाठी अख्खे संग्रहालय पुन्हा बांधले, हे खरे?

जवळजवळ खरे. टॉम टिक्वर दिग्दर्शित ‘द इंटरनॅशनल’ (2009) हा एका भ्रष्ट आंतरराष्ट्रीय बँकेवरचा थरारपट. त्यात क्लाइव्ह ओवेनने साकारलेला इंटरपोलचा अधिकारी गुगेनहाइममध्ये मारेकऱ्यांच्या कचाट्यात सापडतो. त्यानंतर जो गोळीबार होतो, त्यात भिंती, कठडे, काचा यांची चाळण होते. जागतिक कीर्तीच्या संग्रहालयात हे करणे शक्यच नव्हते. बाहेरची आणि प्रवेशाची काही दृश्ये न्यू यॉर्कमध्ये चित्रित झाली. आतला उतार मात्र बर्लिनजवळ, रेल्वे इंजिनांच्या एका जुन्या शेडमध्ये जवळपास मूळ आकाराचा बांधला गेला आणि मग त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

हा खर्च का केला, हा खरा प्रश्न आहे. पटकथेला एक संग्रहालयच हवे होते तर जर्मनीत संग्रहालये कमी नाहीत. पण दिग्दर्शकाला संग्रहालय नको होते, हाच चौक हवा होता. त्या दृश्यात गोळीबाराइतकेच लक्ष इमारतीकडे जाते. चित्रपट फारसा चालला नाही, पण हा प्रसंग आजही इंटरनेटवर स्वतंत्रपणे पाहिला जातो.

दिग्दर्शकांना ही जागा का हवी असते?

जुन्या पद्धतीच्या संग्रहालयात एकामागून एक खोल्या असतात. कॅमेऱ्याला एका वेळी एकच खोली दिसते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ज्याँ-लुक गोदार यांनी 1964 मध्ये ‘बाँद आ पार’साठी तीन तरुणांना धावायला लावले, तेव्हा ते लांबलचक सरळ दालनांतून धावले. गुगेनहाइममध्ये धावणारा माणूस गोल फिरतो. त्यामुळे कॅमेरा एका जागी उभा राहूनही त्याला संपूर्ण वेळ पाहू शकतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. इथे लपायला कोपरा नाही. नायक तिसऱ्या वळणावर असेल तर खलनायक पाचव्या वळणावरून त्याला पाहतो, आणि प्रेक्षकाला दोघेही दिसतात. कोण वर, कोण खाली, कोण किती लांब हे एका चौकटीत कळते. अंतर दिसते, पण ते कापायला अख्खा वळसा घालावा लागतो. थरारासाठी यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

म्हणजे चित्रकारांना जी अडचण वाटली, तीच कॅमेऱ्याची सोय ठरली. भिंतीकडे पाठ करून माणसाने चौकाकडे पाहावे, असा मोह ही इमारत पाडते. सिनेमा तेच करतो. आज संग्रहालयात जाणारे पर्यटकही बरेचदा आधी तेच करतात. मोबाइल वर धरून घुमटाचा फोटो आधी, चित्रे नंतर.

बाँडपटातले गुगेनहाइम तेच का?

नाही. तिथे अनेकांचा घोटाळा होतो. जेम्स बाँडच्या ‘द वर्ल्ड इज नॉट इनफ’ (1999) च्या सुरुवातीला दिसते ते स्पेनमधील बिलबाओ शहराचे गुगेनहाइम. फ्रँक गेरी यांनी आराखडा केलेले, टायटॅनियमच्या पत्र्याने मढवलेले हे संग्रहालय ऑक्टोबर 1997 मध्ये उघडले. डॅन ब्राउन यांच्या ‘ओरिजिन’ (2017) या कादंबरीची सुरुवातही इथेच होते.

बिलबाओ हे गोदी आणि पोलाद कारखान्यांचे, मंदीने खंगलेले शहर होते. एका इमारतीने तिथे जगभरचे पर्यटक आणले. मग ‘बिलबाओ इफेक्ट’ हा शब्दच रूढ झाला आणि अनेक शहरांनी आपल्यालाही असे एखादे संग्रहालय हवे म्हणून हट्ट धरला. या नादाची थट्टाही झाली. ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेच्या 2005 च्या एका भागात गेरी चुरगळून फेकलेल्या कागदाकडे पाहून इमारतीचा आराखडा ठरवतात. त्यात गेरींनी स्वतःच आवाज दिला होता. लोकांना ते खरेच वाटते, अशी तक्रार त्यांना नंतर करावी लागली.

थोडक्यात, लोकप्रिय संस्कृती संग्रहालयाला नुसती जाहिरात देत नाही. त्याच्याविषयी लोकांनी काय समजायचे तेही ठरवते.

संग्रहालयानेही या लोकप्रियतेचा फायदा घेतला का?

घेतला, आणि त्याबद्दल टीकाही झेलली. 1998 मध्ये राइट यांच्या उतारावर चित्रांऐवजी मोटारसायकली उभ्या राहिल्या. ‘द आर्ट ऑफ द मोटरसायकल’ या प्रदर्शनाची मांडणी गेरी यांची होती आणि प्रायोजकांत बीएमडब्ल्यू ही मोटारसायकल बनवणारीच कंपनी होती. गर्दीचे तोपर्यंतचे विक्रम मोडले. हे कलेचे संग्रहालय की वाहनांचे शोरूम, असा सवाल समीक्षकांनी केला. ज्या संग्रहाची सुरुवातच मोटारींच्या शोरूममध्ये झाली, त्याच्याविषयी हा प्रश्न यावा, हाही योगायोगच.

2000 मध्ये फॅशन डिझायनर जॉर्जिओ अर्मानी यांच्या कपड्यांचे प्रदर्शन भरले. अर्मानी यांनी संग्रहालयाला मोठी देणगी देऊ केल्याच्या बातम्या आल्याने वाद पेटला. पैसे देणाऱ्याचेच प्रदर्शन भरवायचे का, हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

2016 मध्ये तर मौरिझिओ कॅटलान यांनी इथल्या एका शौचालयात 18 कॅरेट सोन्याचे, चालू स्थितीतले कमोड बसवले. ‘अमेरिका’ असे त्याचे नाव. ते वापरण्यासाठी रांगा लागल्या. 2017 मध्ये ट्रम्प प्रशासनाने व्हाइट हाऊससाठी व्हॅन गॉग यांचे एक चित्र उसने मागितले, तेव्हा क्युरेटरने त्याऐवजी हे सोन्याचे कमोड देऊ केले. बातमी जगभर फिरली. सप्टेंबर 2019 मध्ये इंग्लंडमधील ब्लेनहाइम पॅलेसमध्ये प्रदर्शनासाठी नेले असताना ते चोरीला गेले.

निदर्शकांनी हाच चौक का निवडला?

चाळीच्या चौकात भांडण लागले की सगळ्या गॅलऱ्या भरतात. गुगेनहाइमच्या चौकाचेही तसेच आहे. सिनेमावाल्यांना जे कळले, ते आंदोलकांनाही कळले.

अबुधाबीत गुगेनहाइमची शाखा काढण्याची घोषणा 2006 मध्ये झाली. ज्या सादियात बेटावर ती होणार होती, तिथल्या बांधकामांवर भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळमधून गेलेले मजूर राबत होते. भरतीसाठी दलालांना दिलेल्या पैशांचे कर्ज, काढून घेतलेले पासपोर्ट, अपुरी मजुरी या प्रश्नांवर 2011 मध्ये शंभराहून अधिक कलावंतांनी या शाखेवर बहिष्कार जाहीर केला. 2014 च्या फेब्रुवारीत ‘ग्लोबल अल्ट्रा लक्झरी फॅक्शन’ या गटाने न्यू यॉर्कच्या उतारावरून फलक सोडले, घोषणा दिल्या. मार्चमध्ये वरून हजारो खोट्या नोटा चौकात उधळल्या. अबुधाबीतील इमारतीचे बांधकाम अजून सुरूच झालेले नाही, असे संग्रहालयाचे तेव्हाचे म्हणणे होते. 2016 मध्ये संग्रहालयाने या कलावंतांशी चर्चा थांबवली. मजुरांचा प्रश्न चर्चेत राहिला, तो मात्र सुटला नाही.

दुसरे आंदोलन अधिक परिणामकारक ठरले. 9 फेब्रुवारी 2019 च्या संध्याकाळी छायाचित्रकार नॅन गोल्डिन आणि त्यांचे सहकारी प्रेक्षक म्हणून आत शिरले. ठरल्या वेळी वरच्या वळणांवरून त्यांनी हजारो कागद सोडले. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांसारखे दिसणारे ते कागद भुरभुरत तळाशी आले, जिथे काही जण मृतांसारखे आडवे पडले होते. रोख होता संग्रहालयाचे देणगीदार असलेल्या सॅकलर कुटुंबावर. त्यांच्या पर्ड्यू फार्मा या कंपनीच्या ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामक औषधाने असंख्य अमेरिकी व्यसनाच्या विळख्यात सापडल्याचा आरोप होता. कुटुंबाने तो फेटाळला होता. औषधाच्या चिठ्ठ्यांचे हिमवादळ येईल, अशा अर्थाचे उद्गार या कुटुंबातील एकाने काढल्याचे न्यायालयीन कागदपत्रांतून नुकतेच समोर आले होते. निदर्शकांनी ते वादळ प्रत्यक्ष दाखवले.

मार्चमध्ये संग्रहालयाने सॅकलर कुटुंबाच्या देणग्या यापुढे घेणार नसल्याचे सांगितले. 2022 मध्ये तिथल्या शिक्षण केंद्रावरचे त्यांचे नाव उतरले. हा लढा सांगणारा लॉरा पॉइट्रस यांचा ‘ऑल द ब्यूटी अँड द ब्लडशेड’ हा माहितीपट त्याच वर्षी व्हेनिस महोत्सवात ‘गोल्डन लायन’ जिंकून गेला. खोट्या गोळीबारासाठी बर्लिनजवळ बांधावा लागलेला चौक इथे खऱ्या लढ्यासाठी जसाच्या तसा उपयोगी पडला.

मग चित्रांचे काय झाले?

इमारत आणि कला यांचा झगडा संपलेला नाही. 1971 मध्ये फ्रेंच कलावंत डॅनियल ब्यूरेन यांनी चौकाच्या मधोमध सुमारे 20 मीटर उंचीचे पट्ट्यापट्ट्यांचे कापड टांगले. त्यामुळे आमची कामे पलीकडून दिसत नाहीत, अशी तक्रार इतर कलावंतांनी केली आणि प्रदर्शन उघडण्याआधीच ते काढले गेले. जो चौक मोकळा राहावा म्हणून कलावंत भांडले, तोच चौक 15 वर्षांपूर्वी कलावंतांना नको होता. त्याच वर्षी हान्स हाके यांचे प्रदर्शनही उद्घाटनाच्या काही आठवडे आधी रद्द झाले. त्यांनी न्यू यॉर्कमधील गरीब वस्त्यांतल्या एका घरमालकाच्या मालमत्तांची जंत्री, सार्वजनिक नोंदींच्या आधारे, कलाकृती म्हणून मांडली होती. हाकेंची बाजू घेणाऱ्या क्युरेटरची नोकरी गेली. चौक सगळ्यांना दिसतो. पण त्यात काय दाखवायचे हे ठरवणारे दार वेगळेच असते, हे तेव्हा दिसले.

पण इमारत आणि चित्र यांचे जुळते, तेव्हा काय होते याचे उदाहरणही इथलेच. हिल्मा आफ क्लिंट ही स्वीडिश चित्रकर्ती 1944 मध्ये, जवळपास अज्ञात, निवर्तली. आपली चित्रे एका सर्पिल मंदिरात लागावीत, असे तिचे स्वप्न होते. ऑक्टोबर 2018 मध्ये ती राइट यांच्या सर्पिल उतारावर लागली. सहा लाखांहून अधिक लोकांनी हे प्रदर्शन पाहिले. संग्रहालयाच्या इतिहासातील तो गर्दीचा विक्रम ठरला. गोल्डिन यांनी कागदांचा पाऊस पाडला, तेव्हा भिंतींवर हीच चित्रे होती.

आपला या संग्रहालयाशी काय संबंध?

वासुदेव गायतोंडे. जन्म नागपूरचा, 1924 चा. मूळ गोव्याचे, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणण्याऐवजी ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणणे पसंत करत. हाच शब्द गुगेनहाइमच्या पहिल्या पाटीवर होता. 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यू यॉर्कला गेले. 2001 मध्ये त्यांचे निधन झाले. 24 ऑक्टोबर 2014 रोजी याच संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन सुरू झाले. क्युरेटर होत्या संधिनी पोद्दार. एखाद्या संग्रहालयाने गायतोंडे यांच्या संपूर्ण कारकीर्दीचा असा आढावा घेण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे ते व्हेनिसलाही गेले.

हे प्रदर्शन सिनेमांमुळे प्रसिद्ध झालेल्या त्या मुख्य उतारावर नव्हते. ते लगतच्या दालनांत होते, जिथे भिंती सरळ आहेत आणि जमीन सपाट. गायतोंडे यांची चित्रे एका नजरेत संपत नाहीत. रंगाचे थर सावकाश उलगडतात, त्यासाठी समोर थांबावे लागते. 1956 च्या त्या 21 कलावंतांनी मागितले होते ते हेच. त्यामुळे गुगेनहाइमच्या सिनेमातील प्रतिमेत गायतोंडे कुठेच बसत नाहीत, पण गुगेनहाइम ज्यासाठी सुरू झाले त्या हेतूत मात्र नेमके बसतात.

मग इमारत जिंकली की चित्रे?

2019 मध्ये राइट यांच्या आणखी सात वास्तूंबरोबर गुगेनहाइमला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तो इमारतीला मिळाला, संग्रहाला नव्हे. लेगोने खेळण्यांचा संच काढला तोही इमारतीचाच. या हिशोबाने इमारत कधीच जिंकली आहे.

पण तिकीट खिडकीवरचा आकडा वेगळे सांगतो. संग्रहालयाचा विक्रम मोडला तो मोटारसायकलींनी किंवा विल स्मिथने नव्हे, एका विस्मृतीत गेलेल्या चित्रकर्तीने. सिनेमा माणसाला दारापर्यंत आणतो, चौकात उभा करतो, वर पाहायला लावतो. त्यानंतर भिंतीकडे वळायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. संग्रहालयाची खरी परीक्षाही तिथेच आहे. आलेल्या माणसाला वळून पाहावेसे वाटेल असे काही भिंतीवर असले पाहिजे, आणि ते तिथे कुणाच्या पैशाने, कुणाच्या परवानगीने लागले हे विचारण्याची मुभा चौकात उभ्या असलेल्या माणसाला असली पाहिजे. राइट यांनी बांधलेल्या या गोल चौकात गेली साठ-पासष्ट वर्षे हे प्रश्न घुमत आहेत. इथला आवाज सगळ्या वळणांवर ऐकू जातो, हा त्या इमारतीचा गुण मात्र कुणालाच नाकारता येणार नाही.